रोजच्या वापरासाठी वायरलेस इअरबड्स: कानाला सोसतील असे कसे निवडायचे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डोंबिवली ते सीएसएमटी जायला सव्वा तास, यायला सव्वा तास. त्यातला बराच वेळ माझ्या कानात काही ना काही चालू असतं. आजवर इअरबड्सचे चार जोड झाले. दोन मनापासून आवडले, एक भावाला दिला आणि चौथ्याचा डावा बड ठाणे स्टेशनच्या रुळांत कुठेतरी आहे. घरात, ऑफिसात, सोसायटीत कोणी इअरबड्स घ्यायला निघालं की फोन मला येतो आणि प्रश्न दर वेळी तेच असतात, म्हणून एकदाच लिहून ठेवते आहे. आवाजाच्या दर्जाची चर्चा इतरत्र भरपूर सापडेल. इथे मुख्य विषय कान दुखू नये हा आहे.

सुरुवात कुठून करू? कंपनी, किंमत की फीचर्स?

तिन्ही नंतर. आधी दोनच गोष्टी ठरवा: सलग किती वेळ ऐकणार आणि कुठे. सकाळी वीस मिनिटं चालताना बातम्या ऐकणाऱ्याला जवळपास काहीही चालतं. दिवसभर मीटिंगांत बसणाऱ्याला हलका, कान गच्च न करणारा जोड हवा. लोकलमध्ये दांडी धरून उभं राहणाऱ्याला घट्ट बसणारा हवा, कारण उतरताना कोणाची तरी बॅग, कोणाची तरी ओढणी कानाला लागतेच. ही तीन माणसं एकाच जाहिरातीला भुलून एकच मॉडेल घेतात आणि त्यातल्या दोघांचे बड्स महिनाभरात कपाटात जातात.

मी घेतलेले प्रत्येक इअरबड्स निसटतात. माझेच कान विचित्र आहेत का?

नाही. कानच तसे असतात. कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते आणि सरळ नसते, किंचित नागमोडी असते. तिचं तोंड गोल कमी आणि लंबगोल जास्त असतं. एकाच माणसाचे दोन कानही तंतोतंत सारखे नसतात. त्यात आपण बोलतो, खातो, जांभई देतो तेव्हा जबडा हलतो आणि नळीचा आकार थोडा बदलतो. म्हणून घरी शांत बसल्यावर पक्के वाटणारे बड्स डबा खाताना बाहेर येतात.

निवडताना कानाच्या दोन जागा लक्षात ठेवा. एक नळीचं तोंड, जिथे रबरी टिप जाते. दुसरी त्याच्या बाहेरचा खळगा, मी त्याला कानाची वाटी म्हणते. बडचं पोट, म्हणजे ज्यात बॅटरी वगैरे असते तो फुगीर भाग, या वाटीत बसतं. टिप लहानमोठी करता येते, पोट करता येत नाही. दुकानदार खोक्यातल्या तीन टिपा दाखवून ‘सगळ्यांना बसतात’ म्हणतो, तेव्हा तो फक्त पहिल्या जागेबद्दल बोलत असतो.

छोटी वाटी असणाऱ्यांची इथे फार पंचाईत होते, आणि बायकांमध्ये हे जास्त दिसतं. माझ्या पहिल्या जोडीचं असंच झालं. टिप बरोबर होती, पण पोट इतकं मोठं की बड वाटीत टेकायच्या आधीच कडेला अडायचा. मी तीन महिने टिपा बदलत बसले.

टिपवाले घ्यावेत की बिनटिपांचे?

ढोबळ तीन प्रकार आहेत.

पहिला रबरी टिपेचा. तो नळीत जातो, बाहेरचा आवाज बराच अडवतो, बेस भरपूर मिळतो आणि नीट बसला तर सहज पडत नाही. तोटा म्हणजे कान बंद झाल्याची भावना.

दुसरा बिनटिपेचा, देठवाला, म्हणजे कानाबाहेर खाली दांडी येणारा. ॲपलने सप्टेंबर २०१६ मध्ये आयफोन ७ मधून हेडफोनचं भोक काढून टाकलं आणि त्याच कार्यक्रमात एअरपॉड्स दाखवले. तो आकार मग जगभर पसरला. हे बड्स नळीत शिरत नाहीत, वाटीत नुसते टेकतात, त्यामुळे ज्यांच्या कानाला बसतात त्यांना ते घातल्याचं जाणवतही नाही. पण टिप नसल्यामुळे साइजही नाही. बसले तर बसले. गर्दीच्या ठिकाणी आवाज वाढवत न्यावा लागतो, हा दुसरा तोटा, आणि तो मला जास्त गंभीर वाटतो.

तिसरा उघडा प्रकार. कानावरून आकडा घालायचा किंवा पाळीला चिमट्यासारखा लावायचा आणि स्पीकर नळीच्या बाहेरच ठेवायचा. सोनीने २०२२ मध्ये लिंकबड्स आणले, त्यात मधोमध चक्क भोक असलेला गोल स्पीकर होता. बाहेरचं सगळं ऐकू येतं, कानात घाम साठत नाही. घरकाम करताना, शांत ऑफिसात, सकाळच्या फेरीला उत्तम. लोकलमध्ये मात्र काहीही कळत नाही, बातम्यांचे फक्त शेवटचे शब्द ऐकू येतात.

तुमच्या रोजच्या जागेत गोंगाट असेल तर टिपवाले घ्या. शांतता असेल तर बाकीचे दोन्ही प्रकार आधी बघा.

टिपेचा बरोबर साइज कसा ओळखायचा?

डग्ग्यावरून. गंमत नाही, माझी हीच पद्धत आहे.

तबल्याचं एकलवादन लावा, आवाज मध्यम ठेवा. खोक्यात आलेली मधली टिप घालून डग्ग्याचा घुमारा ऐका. आता दोन्ही बड्स बोटाने हळूच आत दाबा. दाबल्यावर डग्गा एकदम भरून आला आणि बोट काढताच पुन्हा पोकळ झाला, तर टिप लहान आहे, फटीतून हवा जाते आहे. एक साइज वर जा. दाबून काहीच फरक पडला नाही तर टिप बरोबर बसली आहे. बसली आहे पण पाच मिनिटांत नळीच्या कडा ताणल्यासारख्या वाटतात, तर एक साइज खाली या.

ही फट किती फरक पाडते ते स्वतः ऐकल्याशिवाय पटत नाही. खालचे सूर टिकायला नळी बाहेरून बंद असावी लागते. जरा फट राहिली की डग्गा, मृदंग, ढोलकीची धुम यांतला जीव जातो आणि उरतो तो पत्र्याचा आवाज. ‘बेसच नाही’ म्हणून परत केलेल्या कित्येक इअरबड्सचा दोष फक्त टिपेचा असणार, असा माझा संशय आहे.

मग जांभई द्या, मान दोन्हीकडे वळवा, मूठभर चिवडा खा. बड हलला नाही तर पास. प्रत्येक कानाची परीक्षा वेगळी घ्या. मला डाव्या कानाला मधली टिप लागते, उजव्याला लहान. दोन वेगळ्या टिपा लावायला कोणाची मनाई नाही, तरी लोकांना ते सुचत नाही. काही कंपन्यांच्या ॲपमध्ये बैठक तपासण्याची सोय असते, तीही वापरा.

घालण्याचीही रीत आहे. दुसऱ्या हाताने कानाचा वरचा भाग किंचित वर आणि मागे ओढा, नळी जरा सरळ होते. मग बड आत ठेवून थोडा मागे फिरवा. नुसता सरळ ढकललात तर तो कडेलाच राहतो.

तासाभरात कान दुखायला लागतो. सवय होईल का?

कोल्हापुरी चप्पल चावते आणि मग पायाला रुळते, कारण ती चामड्याची असते. प्लॅस्टिक रुळत नाही. पहिले दोन-चार दिवस कानात काहीतरी आहे असं वाटणं ठीक, दुखणं ठीक नाही.

नेमकं कुठे दुखतं ते बोटाने दाखवा, बहुतेक वेळा उत्तर तिथेच असतं. नळीच्या तोंडाशी सगळीकडून ताण वाटतो तर टिप मोठी आहे. वाटीच्या मागच्या कडेला किंवा गालाकडच्या छोट्या उंचवट्याला ठणका लागतो तर पोट मोठं आहे. त्याला टिप बदलून उतार पडणार नाही, परत करण्याची मुदत संपायच्या आत परत करा. कानाच्या वरच्या बाजूला, पाळीच्या मागे दुखतं तर आकडा किंवा चष्म्याची काडी बघा. आणि खोल आत दुखत असेल, पाणी येत असेल, कमी ऐकू येत असेल, तर इअरबड्स बंद करून कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. तिथे माझा सल्ला संपतो.

टिप रबराचीच हवी असंही नाही. फोमच्या टिपा मिळतात. बोटांत वळून बारीक करायच्या, कानात घालून पंधरा-वीस सेकंद धरायच्या, मग त्या नळीच्या आकाराएवढ्या फुगतात. लंबगोल नळीला हे फार सोयीचं. पण त्या घामाने लवकर मळतात, काही महिन्यांत बदलाव्या लागतात आणि बड्स ठेवायच्या, चार्ज करायच्या डबीचं झाकण त्यांच्यामुळे कधी कधी नीट लागत नाही. आपल्या मॉडेलला बसणाऱ्या आहेत का, हे बघूनच मागवा.

कानात दडे बसल्यासारखं होतं आणि स्वतःचाच आवाज घुमतो. बिघाड आहे का?

बिघाड नाही. आपला आवाज हाडांतूनही कानात पोचतो आणि एरवी उघड्या नळीतून बाहेर पडतो. नळी बंद केली की तो आतच कोंडतो. दोन्ही कानांत बोटं घालून ‘ओम्’ म्हणा, तेच होईल. चालताना पावलांचा धपधप आवाज आणि चावताना कुरकुर यांचंही कारण हेच.

ज्यांना हा प्रकार सहन होत नाही त्यांनी बिनटिपेचे किंवा उघडे बड्स घ्यावेत. मधला मार्ग म्हणजे बाहेरचा आवाज आत सोडण्याची सोय असलेलं मॉडेल. त्यात बाहेरचा माइक भोवतालचा आवाज कानात पोचवतो. फोनवर बोलताना ती सुरू केली की बरंच सुसह्य होतं, स्वस्त मॉडेलांत मात्र ती कधी कधी नळातून ऐकल्यासारखी वाटते.

वजन किती असावं?

पहिल्या एअरपॉड्सचा एकेक बड ४ ग्रॅमचा होता, एअरपॉड्स प्रोचा साडेपाचच्या आसपास. ४ ते ६ ग्रॅम हा नेहमीचा पल्ला. पण ग्रॅमपेक्षा ते वजन कुठे टांगलं आहे हे महत्त्वाचं. भार वाटीत टेकला तर ६ ग्रॅमही कळत नाहीत. तोच भार बाहेर लटकत असेल तर ४ ग्रॅमही नळीच्या खालच्या कडेला दिवसभर टोचतात.

कानात दागिने, डोळ्यांवर चष्मा, डोक्यावर हेल्मेट. मग काय?

हा प्रश्न कुठल्याच परीक्षणात नसतो, आणि मला सगळ्यात जास्त तोच विचारला जातो.

कुड्या, टॉप्स यांचा साध्या बड्सना त्रास नाही. झुमके लांब असले तर देठाला आपटून टकटक ऐकू येते. खरी अडचण बुगडीची आणि वेलांची. बुगडी कानाच्या वरच्या कडेला असते आणि आकड्याचे बड्स नेमके तिथूनच मागे जातात. वेल तर कानावरूनच जातात, तिथे आकडा शक्यच नाही. भिकबाळी घालणाऱ्या पुरुषांनाही हेच लागू. चिमट्याचे बड्स पाळीच्या कडेला लागतात, तिथे टोचलेलं असेल तर दुकानात लावून बघितल्याशिवाय घेऊ नका. लग्नसराईत माझी बहीण बिनटिपेचे देठवाले वापरते, तिचा निर्णय बरोबर आहे.

चष्मा असेल तर आकडा टाळलेला बरा. एकाच जागेवर दोन काड्या आल्या की संध्याकाळपर्यंत कानामागे वळ उठतो.

हेल्मेटखाली बड्स घालूच नका. हेल्मेट चढवताना ते आत ढकलले जातात, काढताना उडतात, आणि मुख्य म्हणजे मागून येणाऱ्या ट्रकचा हॉर्न ऐकू आला पाहिजे.

झोपताना घातले तर?

पाठीवर झोपत असाल तर पातळ, बाहेर न येणारे बड्स चालतात. कुशीवर झोपणाऱ्यांसाठी उशी म्हणजे बडवर ठेवलेला हातोडा. त्यापेक्षा फोनचा स्पीकर बारीक करून, ऐकणं आपोआप बंद होण्याची वेळ लावून झोपा.

नॉइज कॅन्सलेशन खरंच लागतं का? ईएनसी आणि एएनसी एकच का?

एक नाही, आणि या एका अक्षराच्या फरकात पुष्कळ लोक फसतात. ईएनसी तुमच्या माइकसाठी असतं. तुम्ही फोनवर बोलताना तुमच्या भोवतीचा गोंगाट समोरच्याला कमी ऐकू यावा, एवढंच त्याचं काम. तुमच्या कानाला त्याने शून्य फरक पडतो. एएनसी तुमच्या कानासाठी असतं. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ईएनसी बघून ‘नॉइज कॅन्सलेशन आहे’ असं समजून घेतलेले बड्स मी स्वतः दोघांकडे पाहिले आहेत.

एएनसीत बाहेरचा माइक आवाज टिपतो आणि आतला स्पीकर त्याच्या बरोबर उलटी लाट सोडतो, दोन्ही एकमेकींना मारतात. बोस कंपनीचे संस्थापक अमर बोस यांना अशा हेडफोनची कल्पना १९७८ मध्ये झुरिकहून येताना विमानात सुचली. विमान कंपनीने दिलेल्या हेडफोनवर इंजिनाच्या घरघरीत संगीत ऐकूच येईना. या तंत्राची ताकद आणि मर्यादा त्याच प्रसंगात आहे. एकसुरी, खालचा, सतत चालणारा आवाज ते छान दाबतं: विमान, एसटीचं इंजिन, पंखा, एसी. अचानक येणारे आणि वरच्या पट्टीतले आवाज तेवढे दबत नाहीत. लोकलमध्ये गाडीची गडगड कमी होते, ‘क्लिप घ्या, पिना घ्या’ मात्र स्पष्ट ऐकू येतं, आणि चौथ्या सीटवरून चाललेलं भांडणही. मला त्याची तक्रार नाही.

आरामाशी त्याचा संबंध दोन बाजूंनी आहे. काहींना एएनसी सुरू होताच कानावर दाब आल्यासारखं होतं, डोकं जड होतं. तुम्ही त्यांतले असाल तर त्यावर पैसे घालवू नका. उलट ज्यांना ते मानवतं त्यांना गोंगाटात आवाज वाढवावा लागत नाही, कान कमी थकतात. आणि टिप सैल असेल तर एएनसीही निम्मं होतं, म्हणजे पुन्हा डग्ग्याकडे.

फलाटावर, रूळ किंवा रस्ता ओलांडताना दोन्ही कान मोकळे ठेवा.

ड्रायव्हर १३ मिमी, ब्लूटूथ ५.४, एलडॅक… यातलं काय बघू?

फारसं काही नाही. ड्रायव्हर, म्हणजे बडमधला स्पीकर, मोठा म्हणून आवाज चांगला असं नसतं, मोठा ड्रायव्हर म्हणजे बहुधा मोठं पोट, आणि छोट्या कानांना तो तोटाच. ब्लूटूथ ५ किंवा पुढचं असलं की रोजच्या वापराला पुरतं.

कोडेक म्हणजे आवाज हवेतून पाठवण्याआधी त्याची घडी घालण्याची पद्धत. एसबीसी, एएसी, एलडॅक हे कोडेकचेच प्रकार. एसबीसी सगळीकडे चालतो. आयफोनवर एएसी चालतो, एलडॅक चालत नाही, त्यामुळे आयफोनवाल्यांनी एलडॅकसाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही. तुम्ही मुख्यतः बातम्या, पॉडकास्ट, कीर्तन, बोलकी पुस्तकं ऐकत असाल तर कोडेक विसरून जा. शास्त्रीय गाणं मन लावून ऐकणारे असाल तर तानपुरा लावून बघा. जवारीची बारीक झणझण वेगळी ऐकू आली तर बड्स चांगले आहेत, मग खोक्यावर काहीही लिहिलेलं असो.

फोन आणि लॅपटॉप दोन्हीला एकाच वेळी जोडले जाणं ही मात्र कामाची सोय आहे. घरून काम करणाऱ्यांनी ती जरूर बघावी.

चालताना आवाज मधेच तुटतो, तोही एकाच कानात. का?

ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर चालतं आणि शरीरातलं पाणी त्या लहरी शोषतं. फोन उजव्या मागच्या खिशात असेल आणि बड डाव्या कानात, तर मधे तुम्ही स्वतः आडवे असता. फोन पुढच्या खिशात ठेवा, बऱ्याचदा तेवढ्यानेच भागतं. दादरच्या पुलावर मात्र सगळ्यांचाच आवाज तुटतो, कारण तिथे एका वेळी शेकडो जोड्या त्याच लहरींवर बोलत असतात.

‘५० तास बॅटरी’ खरी असते का?

खरी, पण कानात नाही. तो आकडा बड्स अधिक डबीचा. बड एका दमात ६ तास चालतो आणि डबी त्याला चार वेळा भरू शकते, की झाले ३० तास. तुम्हाला पहिलाच आकडा हवा. तोही साधारण मध्यम आवाजावर आणि एएनसी बंद ठेवून मोजलेला असतो, तेव्हा थोडं वजा करा.

बडमधली बॅटरी अगदी चिमुकली, काही दहा एमएएचची (हे बॅटरीची साठवण मोजण्याचं माप), तर फोनची पाच हजारांच्या घरात. ती रोज भरते, रोज रिकामी होते, म्हणून दोन-तीन वर्षांत थकते. बहुतेक मॉडेलांत ती बदलता येत नाही. नेदरलँड्सच्या फेअरफोन कंपनीने २०२४ मध्ये बॅटरी बदलता येणारे बड्स युरोपात आणले, ते होऊ शकतं एवढं त्यावरून कळतं. तोवर डबी उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात तर नाहीच.

पावसात आणि घामात चालतील का?

खोक्यावर आयपीएक्स४, आयपी५५ असं काहीतरी असतं. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. एक्स म्हणजे ती चाचणी सांगितलेलीच नाही. पाण्याचा ४ म्हणजे चहूकडून उडणारे शिंतोडे, ५ म्हणजे पाण्याचा झोत, ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. रोजच्या वापराला ४ किंवा ५ पुरतं.

पण हे मानांकन बड्सचं असतं, डबीचं बहुधा नसतं. जुलैत भिजलेले बड्स तसेच डबीत टाकले की आतल्या चार्जिंगच्या टोकांना गंज धरतो आणि मग ‘एक बाजू चार्जच होत नाही’ सुरू होतं. आधी रुमालाने पुसा, पंख्याखाली ठेवा, मग डबीत घाला. तांदळाच्या डब्यात पुरू नका. कणी जाळीत जाऊन बसते.

कान खाजतो. ॲलर्जी असेल का?

असू शकते, पण आधी स्वच्छता बघा. टिपा आठवड्यातून एकदा काढून कोमट साबणाच्या पाण्यात धुवा आणि पूर्ण वाळवून लावा. जाळी खाली धरून मऊ, कोरड्या ब्रशने झटका, सुई-टाचणी लावू नका. एक बाजू बारीक ऐकू येत असेल तर बऱ्याचदा जाळीत मळ असतो.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि गोव्यात, कान ओलसर राहतो आणि त्यात बुरशी धरायला वेळ लागत नाही. न्हाऊन आल्यावर लगेच बड्स घालू नका, कान कोरडे होऊ द्या. कानात तेल घालण्याची घरगुती सवय असेल तर ती सोडा, आणि निदान त्यावर टिप घालू नका. आपले बड्स दुसऱ्याला देणं म्हणजे कंगवा देण्याच्या पुढची पायरी.

कानातला मळ काढायला कापसाची काडीही घालू नका. (‘इअरबड’ म्हटलं की माझी आई अजून त्याच काड्यांचं पाकीट काढून देते.) काडीने मळ आत जातो, वर बड त्याला आणखी ढकलतो.

धुऊनही खाज, पुरळ राहिलं तर त्वचेला साहित्य चालत नसेल. टिपेचा प्रकार बदलून बघा आणि डॉक्टरांना दाखवा.

किती मोठ्याने आणि किती वेळ ऐकलं तर चालतं?

जागतिक आरोग्य संघटनेचा मोठ्यांसाठीचा हिशेब ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास असा आहे. मुलांसाठी तो ७५ डेसिबल. डेसिबलचं गणित फसवं असतं. ३ वाढले की वेळ निम्मा होतो: ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५. म्हणजे आवाजाची पट्टी दोन घरं वर गेली तर आठवड्याचा कोटा दोन दिवसांत संपू शकतो.

बऱ्याच फोनमध्ये आवाजाला मर्यादा घालण्याची सोय असते, ती लावा. साधी खूण हवी असेल तर, हातभर अंतरावरचा माणूस नेहमीच्या आवाजात बोलतोय आणि तुम्हाला कळतच नाही, तर आवाज जास्त आहे. ऐकून झाल्यावर कानात गुंइं राहत असेल तर निश्चित जास्त आहे.

मुलीला ऑनलाइन क्लाससाठी घ्यायचे आहेत.

लहान मुलांच्या नळ्या अरुंद असतात, मोठ्यांच्या सर्वांत लहान टिपाही त्यांना टोचतात. आवाजाला मर्यादा असलेला, कानावर बसणारा हलका हेडफोन घ्या. त्यांच्या हातून हरवतही नाही.

बाबांना हल्ली कमी ऐकू येतं. चांगले इअरबड्स घेऊन दिले तर भागेल का?

नाही. आधी कानाची तपासणी करून घ्या. श्रवणयंत्र त्या तपासणीच्या आलेखाप्रमाणे लावलं जातं. साधे इअरबड्स सगळंच मोठं करतात आणि उरलेल्या ऐकण्याला धक्का लावू शकतात.

ऐकू नीट येत असेल आणि नुसती आकाशवाणी, अभंग ऐकायचे असतील तर दाबायचं बटण असलेलं मॉडेल बघा. स्पर्शावर चालणाऱ्या बड्सना वडीलधाऱ्यांची बोटं नीट करायला म्हणून लागतात आणि गाणं बंद पडतं, फोन कट होतो, कधी मोबाइल इंग्रजीत बोलायला लागतो. माझ्या काकांनी त्याला ‘भूत आहे’ म्हणून कपाटात ठेवलं होतं.

किती पैसे घालवावेत?

सध्या हजार-दीड हजारात चालू शकणारे बड्स मिळतात, पण त्यात पोटाचा आकार आणि माइक यांवर काटकसर दिसते. अडीच ते चार हजारांत बऱ्यापैकी एएनसी, ॲप आणि नीट घडवलेला आकार मिळतो. रोज दोन तास ऐकणाऱ्याने इथे थांबावं असं माझं मत. वीस हजारांच्या बड्समध्ये एएनसी आणि आवाज खरंच वरच्या दर्जाचा असतो, पण ते तुमच्या कानाला बसतीलच याची हमी त्या किमतीतही नाही. उरलेल्या पैशांतून फोमच्या टिपांचा एक जोड घ्या.

दुकानातून घ्यावेत की ऑनलाइन?

परत कसे करता येतील यावर ठरवा. कानात घालायची वस्तू असल्यामुळे खोकं उघडल्यावर काही विक्रेते फक्त बिघाड असेल तरच बदलून देतात, ‘बसत नाही’ हे कारण धरत नाहीत. पैसे देण्याआधी ती अट वाचा. दुकानात नमुना घालून बघायला मिळाला तर उत्तम, फक्त आपली टिप घेऊन जा.

नावाजलेल्या कंपनीचे बड्स फुटपाथवर पाचशेला मिळत असतील तर ते त्या कंपनीचे नाहीत. खोक्यावरचा बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) आर- ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून बघता येतो.

एकच बड हरवला. नुसता तेवढाच मिळतो का?

काही कंपन्या एकटा बड विकतात, काही नाही. माझ्या वेळी सेवा केंद्रातल्या मुलाने एका बडची किंमत सांगितली ती नव्या जोडीच्या निम्म्याहून बरीच वर होती, आणि वर तीन आठवडे थांबायचं. विकत घेतानाच हे विचारून ठेवा. उरलेला बड टाकू नका. बरेच बड्स एकटेही चालतात. भाजी चिरताना एका कानात पुस्तक ऐकायला माझा उजवा अजून कामात आहे.

एवढ्या भानगडीपेक्षा वायरवाले काय वाईट?

काहीच वाईट नाहीत. चार्ज करावे लागत नाहीत, पडले तर वायरीला लटकतात, फोनवर बोलताना माइक तोंडाजवळ येतो. फक्त तुमच्या फोनला ३.५ मिमीचं भोक आहे की टाइप-सी, ते बघून घ्या. गर्दीत वायर दुसऱ्याच्या बॅगेच्या चेनमध्ये अडकते, एवढाच माझा आक्षेप. तरी पर्सच्या आतल्या कप्प्यात एक वायरवाला मी ठेवतेच, कारण बड्सची डबी रात्री चार्जिंगला लावायची राहून गेली हे मला नेहमी सकाळी ७:५२ च्या लोकलमध्ये चढल्यावरच कळतं.